एकशे तीस डॉलरांचा महाबली

जुलै २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’ नावाचा आणखी एक चित्रपट जगभरच्या पडद्यांवर आला. त्याच्या निर्मितीवर २२ कोटी डॉलरांच्या घरात खर्च झाला आणि तिकीटविक्रीतून ६१ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गोळा झाली. चित्रपट-समीक्षकांनी रिवाजाप्रमाणे दोनच प्रश्नांची चर्चा केली : नवा नट जुन्या नटाच्या तोडीचा आहे काय, आणि उड्डाणाची दृश्ये पूर्वीपेक्षा खरी वाटतात काय. १९७८ साली क्रिस्टोफर रीव्ह तारांना लटकून उडत होता, आता संगणक उडवतो; या चित्रमालिकेचा ‘विकास’ सांगावयाचा तो असा. जणू काही ही सारी हकीकत म्हणजे तंत्रज्ञानाच्या प्रगतीची एक सरळ चढती रेघ आहे.

परंतु या विकासाची आणखी एक वही आहे, आणि ती हिशेबाची आहे. तिचे पहिले पान १ मार्च १९३८ या तारखेचे आहे. ती वही चाळली म्हणजे ध्यानात येते की, या मालिकेत सर्वांत सातत्याने विकास झाला तो मालकीहक्काचा. नट बदलले, दिग्दर्शक बदलले, तंत्र बदलले, कंपनीच्या पाट्यासुद्धा बदलल्या; पहिल्या दिवशी झालेला सौदा मात्र आजतागायत अभंग राहिला आहे. या सौद्याला सर्वांत अगोदर जी खीळ बसली ती कोणत्याही न्यायासनाने घातली नाही, ती व्यवसायबंधूंच्या एकजुटीने घातली. प्रस्तुत लेखात एवढेच मांडावयाचे आहे. आणि चित्रपट पाहणाऱ्या व न पाहणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या कार्यकर्त्यांनी ते लक्षात घ्यावे अशी अपेक्षा आहे.

दहा डॉलर पानाप्रमाणे

जेरी सीगल आणि जो शुस्टर हे अमेरिकेतील क्लीव्हलँड शहराचे दोन ज्यू तरुण. दोघांचेही आईबाप युरोपातून स्थलांतर करून आलेले. एक लिहिणारा, दुसरा चित्रे काढणारा. महामंदीच्या ऐन कडाक्यात, १९३३ च्या सुमारास, त्यांनी परग्रहावरून आलेल्या एका महाबली पुरुषाची कल्पना रचली आणि पुढची चार-पाच वर्षे ती घेऊन ते संपादकांचे उंबरठे झिजवीत राहिले. जागोजाग नकार मिळाला. शेवटी न्यूयॉर्कच्या एका चित्रकथा-प्रकाशन कंपनीने तेरा पानांची पहिली कथा घेतली. दर पानाला दहा डॉलर, एकूण १३० डॉलर. सोबत एक कागद होता. त्या कागदान्वये ही कथा, हे पात्र आणि त्यापासून पुढे जे काही निपजेल ते सर्व, कायमचे कंपनीचे झाले. सही करतेवेळी दोघेही तेवीस वर्षांचे होते.

कंपनीने इतर कामाची थकबाकी जोडून त्यांना ४१२ डॉलरांचा एकच धनादेश दिला. त्या धनादेशाची पुढची हकीकत मोठी बोलकी आहे. २०१२ साली त्या जुन्या कागदाचा लिलाव झाला आणि त्याला १,६०,००० डॉलर किंमत आली. म्हणजे ज्या रकमेत महाबली विकला गेला, तिच्या हजारपटींहून अधिक मोल तिच्या नुसत्या पावतीला मिळाले! भांडवली बाजारात श्रमाची किंमत आणि श्रमाच्या अवशेषाची किंमत यांत किती अंतर असते, हे समजावून सांगण्यास यापेक्षा सोपे उदाहरण अभ्यासवर्गात मिळणार नाही.

त्या काळचा सुपरमॅन कसा होता, हेही सांगितले पाहिजे. १९३८ च्या पहिल्याच अंकात तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो, निरपराध स्त्रीची फाशी टाळतो आणि राजधानीत लोकप्रतिनिधीला वश करू पाहणाऱ्या दलालाच्या मागे लागतो. तिसऱ्या अंकात तो खाणकामगाराचा वेष घेतो, बेफिकीर खाणमालकाला आणि त्याच्या मेजवानीच्या पाहुण्यांना खाणीतच अडकवतो, आणि कामगार कोणत्या धोक्यात राबतात याचा अनुभव त्यांना देतो. १९३९ च्या आरंभी एका कथेत तो शहरातील गलिच्छ वस्ती स्वतःच्या हातांनी पाडतो, कारण तसे केल्यावाचून सरकार तेथे गरिबांसाठी नीट घरे बांधणार नाही हे त्याला कळलेले असते. या कथांना समाजवादी म्हणण्याचा भाबडेपणा कोणी करू नये. खाणमालकाचे हृदयपरिवर्तन झाले की तेथेही प्रश्न सुटतोच. परंतु त्या चित्रांत निदान खाण होती, गळके छप्पर होते, जखमी कामगार होता. मंदीत होरपळलेल्या दोन पोरांनी आपल्या भोवतालचे जे पाहिले ते त्यांत उतरले होते.

पडदा उघडला, नावे पुसली

पात्र तुफान लोकप्रिय झाले. १९४१ ते १९४३ या काळात फ्लायशर स्टुडिओने आणि नंतर त्याच्या जागी आलेल्या संस्थेने सुपरमॅनचे हलत्या चित्रांचे सतरा लघुपट काढले, आणि अशा रीतीने तो पडद्यावर आला. या अवधीत दोघा निर्मात्यांना चित्रकथांच्या कामाचा मोबदला मिळत होता, आणि काही वर्षे तो चांगला होता, हे खरे आहे. ते लपविण्याचे कारण नाही. परंतु तो मोबदला मजुरी म्हणून मिळत होता. हक्क म्हणून नव्हे. मालकाची मर्जी आहे तोवर मजुरी, मर्जी फिरली की दरवाजा.

मर्जी फिरली ती दोघांनी न्याय मागितला तेव्हा. सीगल युद्धकाळात सैन्यात असताना कंपनीने त्याने सुचविलेली बाल-सुपरमॅनची कल्पना त्याला न विचारता छापावयास सुरुवात केली. १९४७ मध्ये दोघांनी दावा गुदरला. बालनायकाच्या बाबतीत कंपनीची वागणूक बेकायदेशीर असल्याचे न्यायालयाला दिसले, पण मूळ पात्राचा सौदा न्यायालयाने वैध ठरविला. १९४८ मध्ये सुमारे ९४ हजार डॉलरांवर तडजोड झाली आणि उरलासुरला हक्कही संपला. दोघांचे काम गेले. कथेवर छापली जाणारी त्यांची नावे काढून टाकण्यात आली. आणि त्याच १९४८ साली सुपरमॅनची पंधरा भागांची पहिली जिवंत नटांची मालिका चित्रपटगृहांत झळकली! पडदा उघडला आणि नावे पुसली गेली, या दोन घटना एकाच वर्षात घडल्या.

यानंतर मालकांची वंशावळ सुरू होते. १९६७ साली प्रकाशन कंपनी किनी नॅशनल या उद्योगसमूहाने विकत घेतली. मोटारी उभ्या करण्याच्या जागा चालविणे आणि अंत्यविधीची व्यवस्था लावणे या धंद्यांतून हा समूह वाढला होता. १९६९ मध्ये त्याने वॉर्नर ब्रदर्सही गिळली आणि पुढे स्वतःच वॉर्नर हे नाव धारण केले. १९९० मध्ये टाइम वॉर्नर झाली, २००१ मध्ये तिचे ए.ओ.एल.शी लग्न लागले, २०१८ मध्ये ए.टी. अँड टी. या दूरध्वनी कंपनीने ती घेतली, आणि २०२२ मध्ये डिस्कव्हरीशी तिचे विलीनीकरण झाले. प्रत्येक वेळी अब्जावधी डॉलर इकडून तिकडे गेले आणि प्रत्येक वेळी मालमत्तेच्या यादीत हा महाबलीही होता. या मालकांपैकी एकानेही त्याची एक रेघ ओढली नव्हती की एक वाक्य लिहिले नव्हते. तरीही मालकी म्हटली की ती त्यांची. आणि दया म्हटली की ती सीगल-शुस्टरवर!

१९७५ : शाप आणि एकजूट

१९७५ साली मोठ्या ‘सुपरमॅन’ चित्रपटाची घोषणा झाली तेव्हा दोघे साठी ओलांडून गेले होते. शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. सीगल लॉस एंजेलिसमध्ये तुटपुंज्या पगाराची कारकुनी करीत होता. हक्कांच्या नूतनीकरणाचा त्यांचा दुसरा दावा वरिष्ठ न्यायालयात १९७४ मध्ये फेटाळला गेला होता. कायद्याचे सर्व दरवाजे बंद झाल्यावर सीगलने एक लांबलचक निवेदन वृत्तपत्रांकडे धाडले आणि येऊ घातलेल्या चित्रपटाला उघडउघड शाप दिला.

शाप कोणाला बाधत नसतो. बाधली ती एकजूट. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे चित्रकथा-व्यवसायातील दोन नामवंत पुढे आले. व्यंगचित्रकारांची संघटना पाठीशी उभी राहिली, वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांनी प्रकरण उचलून धरले. कोट्यवधींचा चित्रपट तोंडावर आला असता त्याच्या नायकाचा एक जनक अंध आणि दुसरा कंगाल आहे ही बातमी रोज छापून येणे कंपनीला परवडणारे नव्हते. डिसेंबर १९७५ मध्ये ती नमली. दोघांना प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर, औषधोपचाराची व्यवस्था, आणि कथांवर व चित्रपटावर निर्माते म्हणून नाव, एवढे मान्य झाले. मात्र आमच्यावर कायद्याचे बंधन नाही, ही केवळ नैतिक जबाबदारी आहे, असे कंपनीच्या वतीने सांगण्यात आले. अर्थ स्पष्ट आहे. देणे मान्य करावयाचे, पण हक्क म्हणून नव्हे, भिक्षा म्हणून.

आता याच चित्रपटाचा दुसरा हिशेब पाहा. डिसेंबर १९७८ मध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटावर सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्च झाला आणि जगभरातून सुमारे ३० कोटी डॉलर मिळाले. महाबलीच्या बापाची छोटी भूमिका करणाऱ्या मार्लन ब्रँडोला काही दिवसांच्या चित्रीकरणासाठी ३७ लाख डॉलर आणि वर मिळकतीत हिस्सा मिळाला. पडद्यावरच्या बापाला एका दमात जे मिळाले, ते मिळवावयाचे तर कागदावरच्या खऱ्या बापाला वर्षाला २० हजार या दराने १८५ वर्षे जगणे भाग होते. ब्रँडोबद्दल आमची तक्रार नाही. त्याने आपल्या श्रमाची किंमत वसूल केली. तक्रार अशी की, ती वसूल करण्याचे बळ ज्याच्या हाती होते त्यालाच ती मिळाली.

चित्रपटांचा ‘विकास’

पहिल्या यशाबरोबर मालिका सुरू झाली, आणि पहिल्या यशाबरोबरच तिच्यात मालकाचा हात दिसू लागला. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर याने दुसऱ्या भागाचे बरेचसे चित्रीकरण पहिल्याबरोबरच उरकले होते. निर्माते साल्काइंड यांच्याशी त्याचे बिनसले आणि त्याला काढून टाकण्यात आले. ब्रँडोला मिळकतीतला हिस्सा द्यावा लागेल म्हणून त्याची चित्रित झालेली दृश्येच दुसऱ्या भागातून गाळली गेली. कथेला बाप हवा होता, हिशेबाला नको होता, हिशेब जिंकला. त्याच भागात मार्लबोरो सिगारेटचे नाव ठळकपणे झळकते, वार्ताहर नायिका ती ओढते, आणि महाबली व खलनायक यांची झुंज चक्क मार्लबोरोच्या मालमोटारीवर जाऊन आदळते. चित्रकथेतील नायिका धूम्रपान करणारी नव्हती. फिलिप मॉरिस कंपनीने पैसे मोजले आणि तिने सिगारेट पेटवली. हा चित्रपट पाहावयास येणारा प्रेक्षक प्रामुख्याने लहान मुलांचा होता, हे वेगळे सांगावयास नको.

१९८७ च्या चौथ्या भागात क्रिस्टोफर रीव्हने स्वतः आग्रह धरून अण्वस्त्रांविरुद्धचे कथानक आणले. महाबली पृथ्वीवरची सारी अण्वस्त्रे गोळा करून सूर्यात फेकतो, अशी ती कल्पना. हेतू चांगला होता. पण कॅनन या निर्मिती कंपनीने अंदाजपत्रक निम्म्याच्या आसपास आणले, दृश्ये कापली, आणि निःशस्त्रीकरणाचा चित्रपट हास्यास्पद होऊन पडला. नटाच्या सदिच्छेची मर्यादा येथे दिसते. साधनांवर ज्याची मालकी, अखेरचा शब्द त्याचा. त्यानंतर पंचवीस-सव्वीस वर्षे उलटली आणि २०१३ च्या ‘मॅन ऑफ स्टील’ मध्ये चक्र पुरते फिरले. अमेरिकी संरक्षण खात्याने चित्रीकरणाला साहाय्य केले आणि नॅशनल गार्ड या दलाने चित्रपटाशी जोडून आपली जाहिरात-मोहीम काढली. अण्वस्त्रे सूर्यात फेकणारा महाबली पाव शतकाने भरतीच्या जाहिरातीत उभा राहिला.

येथे एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. या मालिकेतील खलनायक बहुधा धनदांडगे असतात. १९७८ च्या चित्रपटात लेक्स ल्यूथर ओसाड वाळवंटातील जमीन कवडीमोलाने घेऊन ठेवतो आणि क्षेपणास्त्राने किनारपट्टी समुद्रात बुडवून आपल्या जमिनीला किनाऱ्याचा भाव आणू पाहतो. १९८३ मध्ये रॉस वेबस्टर नावाचा मक्तेदार कोलंबियाचे कॉफीचे पीक उद्ध्वस्त करून बाजार काबीज करावयास निघतो. १९८७ मध्ये एक वृत्तपत्र-सम्राट नायकाचे दैनिक विकत घेतो. २०२५ च्या चित्रपटात ल्यूथर हा अब्जाधीश एका देशाला शस्त्रे पुरवून शेजारच्या दुबळ्या देशावर आक्रमण घडवून आणतो, कारण जिंकलेल्या भूमीचा मोठा तुकडा त्याला मिळावयाचा असतो. भूखंडाचा सट्टेबाज, मक्तेदार, वृत्तपत्रमालक, शस्त्रव्यापारी! आपल्याच एखाद्या पुस्तिकेची अनुक्रमणिका वाचतो आहोत असे वाटावे.

मग स्वतः एक महामक्तेदार असलेली कंपनी अशी चित्रे का काढते? कारण त्यात तिचे काही बिघडत नाही. या कथांत भांडवलदार दुष्ट असतो तो अपवाद म्हणून. त्याला उचलून तुरुंगात टाकले की जमिनीचा बाजार, कॉफीचा बाजार आणि शस्त्रांचा बाजार पूर्ववत सुरळीत चालू लागतो. त्या महानगरात कामगारांची संघटना दिसत नाही, भाडेकरूंचा मोर्चा निघत नाही, आणि नायक ज्या दैनिकात नोकरी करतो तेथील पत्रकारसुद्धा मालक बदलला म्हणून एकदिलाने संपावर जात नाहीत. सारे लोक मान वर करून आकाशाकडे पाहत उभे असतात. अन्यायाची जाणीव जागवावयाची आणि तिला हातपाय फुटू द्यावयाचे नाहीत, ही यातील खरी कामगिरी. १९३८ च्या कथेतील खाण पडद्यावरून नाहीशी झाली आहे. राहिला आहे तो फक्त उडणारा.

कायद्याची रबरी मुदत

मालकीची मुदत कशी वाढत गेली हे पाहण्यासारखे आहे. १९३८ मध्ये अमेरिकेत जो कायदा होता त्याप्रमाणे लेखनहक्क २८ अधिक २८, म्हणजे ५६ वर्षांचा होता. १९९४ मध्ये हा महाबली सर्व जगाचा व्हावयाचा. १९७६ च्या कायद्याने मुदत ७५ वर्षांवर नेली, म्हणजे २०१३ अखेर. १९९८ च्या कायद्याने ती ९५ वर्षे केली, म्हणजे २०३३ अखेर. रबर ताणत जावे तशी मुदत ताणली गेली. लेखकांच्या हिताचे नाव दोन्ही वेळा पुढे करण्यात आले.

पण १९७६ च्या कायद्यात एक चांगले कलमही होते. दुबळ्या स्थितीत हक्क विकून बसलेल्या लेखकाला वा त्याच्या वारसांना ठराविक वर्षांनंतर तो सौदा रद्द करून हक्क परत घेता येतील, असे ते कलम. शुस्टर १९९२ मध्ये वारला, सीगल १९९६ मध्ये. सीगलच्या पत्नीने व मुलीने या कलमाखाली नोटीस दिली. मार्च २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयाने पहिल्या कथेतील हक्काचा वाटा अमेरिकेपुरता त्यांच्याकडे परत आल्याचा निकाल दिला. सत्तर वर्षांनी न्याय झाला असे वाटले. परंतु जानेवारी २०१३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने, २००१ साली वकिलाने कंपनीला लिहिलेले एक पत्र हाच पक्का करार होय असे ठरवून, तो विजय कंपनीच्या पदरात घातला. शुस्टरच्या बाबतीत, त्याच्या मृत्यूनंतर नातेवाइकांशी झालेला निवृत्तिवेतनाचा १९९२ चा करार आडवा आला. वर्षाला काही हजार डॉलर अधिक दिले म्हणून सारे हक्क संपले! जानेवारी २०२५ मध्ये शुस्टरच्या मालमत्तेच्या वतीने इंग्लंड, कॅनडा आदी देशांतील हक्कांसाठी पुन्हा दावा झाला. आपल्या अधिकारक्षेत्रात हा वाद येत नाही म्हणून न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने तो एप्रिलमध्ये काढून टाकला. जुलैमध्ये चित्रपट ठरल्या दिवशी प्रदर्शित झाला.

भिक्षा म्हणून जे दिले तेच पुढे हक्क नाकारण्याचा पुरावा होते, ही या प्रकरणातील सर्वांत कडू शिकवण आहे. मालकाच्या औदार्यावर विसंबणाऱ्या प्रत्येकाने ती गाठीशी बांधावी.

मृतांचेही श्रम

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. दुर्दैवाने ती जुनी नाही. २००६ च्या ‘सुपरमॅन रिटर्न्स’ मध्ये ब्रँडोचा चेहरा बोलताना दिसतो. ब्रँडो २००४ मध्ये वारला होता. संगणकावर त्याला पुन्हा उभा केला तो ऱ्हिदम अँड ह्यूज या दृश्यपरिणाम करणाऱ्या कंपनीच्या कारागिरांनी. या कंपनीच्या शाखा मुंबई व हैदराबाद येथेही होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. त्याच महिन्यात दुसऱ्या एका चित्रपटासाठी तिच्या कामाला ऑस्कर मिळाले. ‘मॅन ऑफ स्टील’ वर काम करणाऱ्या एम.पी.सी. या कंपनीचा मालक टेक्निकलर समूह फेब्रुवारी २०२५ मध्ये कोसळला, आणि बंगळूर व मुंबई येथील त्याच्या कार्यालयांतले तरुण कारागीरही रस्त्यावर आले. बड्या स्टुडिओंच्या चित्रपटांचे हे काम ठोक रकमेवर दिले जाते. मागाहून दृश्ये बदलली, पुन्हा करावी लागली, तर त्याचा भुर्दंड बहुधा कंत्राटी कंपनीवर आणि तिच्यामार्फत कारागिराच्या रात्रपाळीवर पडतो. म्हणजे दहा डॉलर पानाची पद्धत चालूच आहे. पान मात्र आता क्लीव्हलँडप्रमाणेच गोरेगावात आणि बंगळुरातही भरले जाते.

जून २०२३ मध्ये वॉर्नरच्या ‘द फ्लॅश’ चित्रपटात क्रिस्टोफर रीव्ह पुन्हा सुपरमॅनच्या वेषात दिसला. रीव्ह २००४ मध्येच वारला होता. अण्वस्त्रांविरुद्ध कथानकाचा आग्रह धरणारा हा नट आता आग्रह धरू शकत नव्हता. मेलेला कामगार हा मालकाच्या दृष्टीने आदर्श कामगार होय. पण पुढच्याच महिन्यात हॉलिवुडचे नट संपावर गेले. लेखक मे महिन्यापासून संपावर होतेच. लेखकांचा संप १४८ दिवस चालला, नटांचा ११८ दिवस. नटाच्या संमतीवाचून व मोबदल्यावाचून त्याची संगणकीय प्रतिमा वापरू नये ही एक प्रमुख मागणी होती, आणि करारात तिच्यासाठी संरक्षणे मिळवूनच नट परतले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मार्व्हल या दुसऱ्या महाबली-कारखान्यातील दृश्यपरिणाम कारागिरांनी संघटना स्थापण्याच्या बाजूने एकमताने मतदान केले. सीगल-शुस्टरना न्यायालयांत जे पाऊण शतकात मिळाले नाही, त्याच्या दिशेने संघटित माणसे काही महिन्यांत बरीच पुढे गेली.

दोन आक्षेप

दोन आक्षेपांना उत्तर दिले पाहिजे. पहिला भांडवलाच्या वकिलांचा : कंपनीने धोका पत्करला, म्हणून नफा तिचा, आणि सही तर दोघांनी राजीखुशीने केली होती. धोका कोणी पत्करला? सहा कागदाच्या गाड्या पाठवणाऱ्या छापखान्याने की चार-पाच वर्षे विनावेतन राबून, नकार पचवून ती कल्पना जिवंत ठेवणाऱ्या दोघांनी? १३० डॉलरांचा धोका पहिल्या वर्षातच वसूल झाला असेल तर उरलेल्या ९४ वर्षांचा मोबदला कशाचा? आणि राजीखुशीची सही म्हणाल तर महामंदीत तेवीस वर्षांच्या मुलासमोर एकच कागद ठेवला असता त्याला कोणते स्वातंत्र्य उरते, हे गिरणीच्या दाराशी बदली म्हणून उभा राहिलेला प्रत्येकजण जाणतो.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो आणि त्याचे उत्तर अधिक निकडीचे आहे. हे चित्रपट साम्राज्यवादी संस्कृतीची अफू आहेत, त्यांच्याकडे पाठ फिरवावी, एवढे म्हणून आपले काही मित्र मोकळे होतात. चित्रपटांतील विचारसरणीवर टीका जरूर करावी. वर ती केलीही आहे. पण पाठ फिरविल्याने त्या पडद्यामागे राबणारे हजारो हातही आपल्या नजरेआड होतात. ज्या मुलाने चादर गळ्याला बांधून उडण्याचा खेळ केला त्याला आपण उपदेश करतो, आणि रात्री दोन वाजता संगणकासमोर बसून त्या झग्याची प्रत्येक चुणी रंगविणाऱ्या त्याच्या मोठ्या भावाकडे आपला एकही कार्यकर्ता जात नाही! त्या भावाला नेमणूकपत्र आहे काय, जादा कामाचे पैसे मिळतात काय, कंपनी बुडाली तर शेवटचा पगार कोणाकडे मागावयाचा हे त्याला ठाऊक आहे काय, हे प्रश्न सांस्कृतिक आघाडीचे आहेत तितकेच कामगार आघाडीचेही आहेत.

हा कारागीर सुशिक्षित आहे, स्वतःला कामगार म्हणवून घेण्यास कदाचित तो संकोचेल. सीगल आणि शुस्टर हेही स्वतःला कलावंतच समजत होते, आणि कंपनीच्या वहीत त्यांची नोंद दर पानाला दहा डॉलर अशी होती. त्यांची हकीकत त्याला सांगावी. कागदावर सही करण्यापूर्वी तो चार जणांत वाचावा, एकट्याने मर्जी मागण्यापेक्षा दहा जणांनी मागणी करावी, आणि मिळेल ते बक्षीस म्हणून न घेता कराराने घ्यावे, एवढे जरी त्यातून त्याला पटले तरी काम सुरू झाले असे समजावे. १ जानेवारी २०३४ रोजी १९३८ चा तो पहिला सुपरमॅन अमेरिकेत कायद्याने सर्वांचा होईल. रबर पुन्हा ताणण्याची खटपट त्यापूर्वी होणारच नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही. तोवर आकाशाकडे पाहत बसण्याचे कारण नाही. संघटनेच्या सभासदनोंदणीचे पुस्तक जमिनीवरच उघडावे लागते, आणि ते आजच उघडता येते.